ताप उतरल्यानंतरचे आठवडे

(महाविद्यालयीन अध्यापक, वसतिगृहांचे अधीक्षक आणि पालक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या रोगाविषयी आज विवेचन करावयाचे आहे, त्याचे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानांवर कधी आलेही नसेल. आणि तरीही तो रोग ज्या विषाणूमुळे उद्भवतो, तो विषाणू या सभागृहातील बहुतेक सर्वांच्या शरीरात या क्षणी वस्ती करून आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. जगातील प्रौढ माणसांपैकी शेकडा ९० हून अधिक जणांना त्याची लागण केव्हा ना केव्हा झालेली असते, आणि एकदा शिरलेला हा पाहुणा जन्मभर घर सोडीत नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो आला केव्हा आणि स्थिरावला केव्हा, याचा पत्ताही लागत नाही. काहींना मात्र, विशेषतः पंधरा ते चोवीस या वयात, तो अंथरुणाला खिळवतो.

या आजाराचे वैद्यकीय नाव ‘इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस’. बोलण्यात त्याला नुसते ‘मोनो’ म्हणतात. त्याहून जुने नाव ‘ग्लँड्युलर फीव्हर’, आणि त्यावरून मराठीत ग्रंथिज्वर म्हणणे सोयीचे ठरते. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. जुन्या मराठी वृत्तपत्रांत ‘ग्रंथिक सन्निपात’ हा शब्द आढळतो, तो प्लेगसाठी योजलेला आहे. त्या भयंकर रोगाचा आणि प्रस्तुत ज्वराचा नावापलीकडे कसलाही संबंध नाही.

एकोणीस-वीस वर्षांचा एखादा विद्यार्थी नजरेसमोर आणावा. चार-सहा दिवस अंग मोडून आल्यासारखे वाटते, भूक मंदावते, डोके जड होते. मग ताप चढतो आणि घसा असा धरतो की आवंढा गिळणेही नकोसे व्हावे. टॉन्सिल सुजून एकमेकांना भिडल्यासारखे दिसतात आणि त्यांच्यावर पांढुरका थर येतो. मानेच्या दोन्ही बाजूंना, विशेषेकरून मागील अंगास, हाताला लागतील अशा गाठी येतात. काहींच्या पापण्या सुजतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. तीच लसीकाग्रंथींची सूज येथे मानेत ठळकपणे आणि पुष्कळदा काखेत व जांघेतही दिसते.

आपल्या देशात असा रुग्ण डॉक्टरांपुढे आला की त्यांच्या मनात अनेक शंका उभ्या राहतात. हा विषमज्वर असेल, डेंगी असेल, घशाचा साधा जिवाणुसंसर्ग असेल. लसीकरण अपुरे राहिले असेल तर घटसर्पही असू शकेल. आणि गाठी बरेच दिवस राहिल्या तर क्षयाची, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांच्या भाषेत गंडमाळेची, धास्ती असतेच. ग्रंथिज्वराचे नाव या यादीत बहुधा शेवटी येते. तोपर्यंत घसा सुजला आहे म्हणून ॲम्पिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन देऊन झालेले असते. या रोगात ती औषधे घेतली असता अनेकांच्या अंगभर तांबडे पुरळ उठते. मग पेनिसिलिनची ॲलर्जी असा शिक्का केसपेपरवर बसतो आणि तो आयुष्यभर रुग्णाची पाठ सोडीत नाही. वस्तुतः ग्रंथिज्वरात उठलेले असे पुरळ म्हणजे खरी, कायमची ॲलर्जी असतेच असे नव्हे. बरे झाल्यावर डॉक्टरांकडून याची खातरजमा करून घेणे हिताचे, कारण पुढे कधी खरोखर त्या औषधाची गरज पडली तर तो शिक्का आड येतो.

यापेक्षाही मोठा धक्का रक्ताच्या तपासणीने बसतो. पांढऱ्या पेशींपैकी लसीकापेशींची, म्हणजे लिंफोसाइटांची, संख्या फार वाढलेली असते आणि त्यांतील पुष्कळशा आकाराने मोठ्या व रूपाने वेगळ्या दिसतात. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘ॲटिपिकल’ हा शब्द येतो. मानेत गाठी आणि रक्तात विचित्र पांढऱ्या पेशी, एवढे दोन धागे जुळवून घरातील एखादा सुशिक्षित नातेवाईक रक्ताच्या कर्करोगाचे नाव उच्चारतो आणि त्या दिवशी त्या घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. ही भीती आजची नाही. १९२० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या स्प्रंट आणि एव्हान्स या दोघा डॉक्टरांनी अशाच सहा तरुण रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. रक्त पाहून शंका यावी, पण ते रुग्ण आपोआप बरे झाले. ‘इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस’ हे नाव त्यांच्याच लेखातून रूढ झाले.

त्या विचित्र पेशींचे रहस्य पुढे उलगडले. हा विषाणू रक्तातील ‘बी’ जातीच्या लसीकापेशींत घर करतो. त्या बाधित पेशींचा नायनाट करण्यासाठी शरीर ‘टी’ जातीच्या पेशींची फौज उभी करते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या त्या मोठ्या पेशी म्हणजे मुख्यतः हीच फौज होय. घरातील मंडळी जिला शत्रू समजून घाबरतात, ते शरीराचेच शिपाई असतात. ताप, गाठी, ग्लानी हा सारा प्रकार विषाणूच्या प्रत्यक्ष उपद्रवापेक्षा या लढाईचाच परिणाम अधिक असतो. म्हणूनच लढाई संपली तरी देश एकदम पूर्वपदावर येत नाही.

रोगाचे वर्णन जुने असले, तरी त्याचे कारण पुष्कळ काळ अज्ञात राहिले. १८८९ मध्ये जर्मन वैद्य एमिल फायफर यांनी या ज्वराचे वर्णन केले. १९३२ मध्ये पॉल आणि बनेल यांना असे आढळले की, या रुग्णांच्या रक्तद्रवामुळे मेंढीच्या रक्तातील तांबड्या पेशींच्या गुठळ्या बनतात. मेंढीचा या रोगाशी संबंध काय, हे कोणालाच सांगता येईना, पण निदानाची एक युक्ती हाती लागली आणि तिच्यावर आधारलेल्या चाचण्या पुढे अनेक दशके वापरात राहिल्या. पहिल्या आठवड्यात ही चाचणी अनेकदा फसते, लहान मुलांत तर फारच. त्यामुळे एकदा नकारार्थी उत्तर आले म्हणून रोग नाही असे ठरत नाही. आता विषाणूविरोधी विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी अधिक विश्वासार्ह मानली जाते.

खरे कारण सापडले ते आफ्रिकेच्या वाटेने, आणि तेही भलत्याच रोगाचा शोध घेत असताना. युगांडात काम करणारे आयरिश शल्यवैद्य डेनिस बर्किट यांनी तेथील मुलांच्या जबड्याला होणाऱ्या एका विलक्षण अर्बुदाविषयी मार्च १९६१ मध्ये लंडन येथे व्याख्यान दिले. श्रोत्यांमध्ये अँथनी एप्स्टाइन नावाचे तरुण संशोधक होते. या अर्बुदामागे विषाणू असावा, असे त्यांच्या मनाने घेतले. कंपालाहून विमानाने नमुने मागविण्यात आले. दोन वर्षांहून अधिक काळ हाती काहीच लागले नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे एक विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरले आणि उशिरा पोहोचलेल्या कुपीतील द्रव गढूळ झालेला दिसला. जंतू पडले असे समजून तो फेकून देणे सहज शक्य होते. एप्स्टाइन यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा गढूळपणा जंतूंचा नसून अर्बुदापासून सुट्या झालेल्या जिवंत पेशींचा आहे, असे आढळले. त्या पेशी वाढविता आल्या आणि १९६४ च्या आरंभी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्यांत विषाणू दिसला. एप्स्टाइन यांच्यासमवेत या कामात त्रिनिदादमध्ये जन्मलेले बर्ट अचाँग आणि यव्हॉन बार या संशोधिका होत्या. विषाणूस एप्स्टाइन-बार हे नाव पडले. अचाँग यांचे नाव मात्र त्यात आले नाही.

या विषाणूचा ग्रंथिज्वराशी असलेला संबंध तर एका आजारी कर्मचाऱ्यामुळे कळला. फिलाडेल्फिया येथे वेर्नर आणि गेरट्रूड हेन्ले हे दांपत्य विषाणूविरोधी प्रतिपिंडांचा अभ्यास करीत होते. बहुतेक सर्वांच्या रक्तात ती प्रतिपिंडे सापडत. प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ तरुणीच्या रक्तात मात्र ती नव्हती, म्हणून तुलनेसाठी तिचेच रक्त वापरले जात असे. १९६७ मध्ये तिला ग्रंथिज्वर झाला. ती परतली तेव्हा तिच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर होती. येल विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या रक्ताचे जुने नमुने जपून ठेवलेले होते. त्यांवरून या अनुमानाला पुष्टी मिळाली आणि १९६८ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

आता प्रश्न असा की, सर्वांनाच लागण होत असेल तर आजारी मोजकेच का पडतात? याचे उत्तर वयात आहे. अगदी लहानपणी लागण झाली तर ती बहुधा लक्षातही येत नाही. आली तर सर्दी-पडशासारखी येऊन जाते. किशोरवयात वा तारुण्यात पहिल्यांदा लागण झाली तर तिचे रूपांतर ग्रंथिज्वरात होण्याचा संभव बराच असतो. विषाणू पसरतो तो मुख्यतः लाळेतून. आपल्याकडे उष्ट्याचे नियम पुरातन काळापासून कडक आहेत. तांब्या ओठांना न लावता वरून पाणी पिणे हा तर संस्काराचा भाग मानला जातो. पण हे नियम तान्ह्या मुलाच्या बाबतीत कोण पाळतो? आजी भाताचा घास आपल्या तोंडाने फुंकून नातवाला भरविते, आत्या त्याचा पापा घेते, शेजारचे मूल चोखलेले खेळणे त्याच्या हाती देते. दाटीवाटीच्या घरांत, मोठ्या कुटुंबांत विषाणू असा पहिल्या काही वर्षांतच मुकाट्याने पोहोचतो. कुटुंब लहान झाले, मूल वेगळ्या खोलीत वाढू लागले, की ही भेट पुढे ढकलली जाते आणि ती महाविद्यालयाच्या वयात होते. राहणीमान सुधारल्यावर जे रोग कमी होतात त्यांची यादी मोठी आहे. हा मात्र त्याच कारणाने अधिक ठळक होतो. वसतिगृहांच्या अधीक्षकांनी या ज्वराची ओळख करून घेणे आता आवश्यक झाले आहे, ते यासाठी.

याच संदर्भात एका नाजूक गोष्टीचा उल्लेख टाळता येणार नाही. पाश्चात्त्य देशांत या आजाराला चुंबनाचा रोग असे थट्टेचे नाव पडले आहे. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीतील डॉक्टर होगलंड यांनी १९५५ मध्ये या मार्गाकडे लक्ष वेधले आणि पुढे ते नाव लोकप्रिय झाले. तिकडे ते नाव हसण्यावारी जाते. आपल्याकडे मात्र एखाद्या मुलीच्या अहवालावर हे निदान आले आणि घरातील कोणी मोबाइलवर त्याचा अर्थ शोधला, तर त्या आजारी मुलीला अंथरुणातच उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. ही उलटतपासणी अन्यायाची तर आहेच, शिवाय शास्त्राच्या दृष्टीने निरर्थकही आहे. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः ४ ते ६ आठवडे जातात. ज्यांच्या अंगी विषाणू आहे, त्यांच्या लाळेतून तो मधूनमधून जन्मभर बाहेर पडत असतो, आणि त्यांना कसलाही आजार झालेला दिसत नाही. मैदानावर एकाच बाटलीतून पाणी पिणारा चमू, एकाच पेल्यातील सरबत वाटून घेणाऱ्या मैत्रिणी, बाळाचे लाड करणारी मावशी, यांपैकी कोणाकडूनही तो येऊ शकतो. दीड महिन्यापूर्वीचा तो पेला कोणाचा होता, हे कोणत्याही चाचणीने ठरत नाही. पालकांनी हा प्रश्न विचारूच नये. डॉक्टरांनीही निदान सांगताना ते टोपणनाव उच्चारण्याचे कारण नाही.

तद्वतच रुग्णाला वाळीत टाकल्यासारखे वेगळे ठेवण्याचेही प्रयोजन नाही. आसपासच्या बहुतेकांच्या अंगी विषाणू आधीच आहे. पेला, चमचा, दात घासण्याचा ब्रश वेगळा असावा, एवढे पुरे. पूर्ण बरे होईपर्यंत रक्तदान मात्र करू नये.

उपचारांविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण सांगण्यासारखे फारसे नाही. या विषाणूवर उपयुक्त ठरलेले औषध नाही आणि प्रतिबंधक लस अद्याप वापरात आलेली नाही. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. सोबत जिवाणुसंसर्ग सिद्ध झाला तरच ती द्यावी लागतात. ताप व वेदना यांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल, गुळण्यांसाठी कोमट मिठाचे पाणी, भरपूर द्रवपदार्थ. घसा मिटला असताना पोळीभाजीचा आग्रह व्यर्थ आहे. आपल्याकडची पेज, मुगाचे कढण, शहाळ्याचे पाणी यांहून चांगला आहार परदेशी पुस्तकातही सापडणार नाही. मुलांना व किशोरांना विषाणुज्वरात ॲस्पिरिन देऊ नये; त्यामुळे मेंदू व यकृत यांना इजा करणारी एक दुर्मीळ पण घातक व्याधी जडू शकते. या आजारात यकृताला थोडीबहुत सूज बहुतेकांना येते आणि काहींना कावीळही दिसते, म्हणून मद्य पूर्णतः वर्ज्य. स्टिरॉइड ही औषधे घशाच्या सुजेने श्वास अडू लागला, अशा गंभीर प्रसंगांसाठी आहेत. लवकर बरे वाटावे म्हणून ती मागून घेऊ नयेत.

प्लीहेविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे. पोटाच्या डाव्या बाजूस, बरगड्यांच्या आड असलेल्या या अवयवाला आपल्याकडे पानथरी म्हणतात. जुन्या काळी हिवतापाने पानथरी वाढलेली मुले गावोगाव दिसत. ग्रंथिज्वरात निम्म्याअधिक रुग्णांची प्लीहा सुजते, ताणली जाते आणि नाजूक होते. हजारात एखाद्या, फार तर काही थोड्या रुग्णांच्या बाबतीत ती फाटते आणि पोटात रक्तस्राव होतो. प्रमाण अत्यल्प आहे, परंतु ज्याच्या वाट्याला ते येते त्याच्या जिवाशी गाठ असते. यातील कपट असे की, हा धोका प्रामुख्याने पहिल्या तीन-चार आठवड्यांत असतो आणि नेमका त्याच सुमारास ताप उतरून मुलाला बरे वाटू लागलेले असते. गोव्यात फुटबॉलचे वेड केवढे आहे, हे सांगावयास नको. संघात जागा मिळविलेला मुलगा दोन आठवडे घरात बसलेला असतो, सामना तोंडावर असतो, प्रशिक्षक चौकशी करीत असतो. त्या वेळी त्याला कोणी तरी थांबविले पाहिजे. आजार सुरू झाल्यापासून किमान तीन आठवडे कोणताही जोरकस खेळ नको. फुटबॉल, कबड्डी, कुस्ती अशा धक्काबुक्कीच्या खेळांसाठी चार आठवडे किंवा डॉक्टर सांगतील तेवढे अधिक थांबणे श्रेयस्कर. पाण्याची घागर, गॅसचे सिलिंडर, तांदळाचे पोते उचलू नये. खड्ड्यांच्या रस्त्यावरून मोटारसायकलच्या मागे बसून जाण्याचीही घाई करू नये, मग ती स्वतःची असो की पायलटची. पोट वारंवार दाबून प्लीहा किती आली आहे ते पाहण्याची हौस घरच्यांनी करू नये. तपासणाऱ्या डॉक्टरांचा हातही येथे हलका असावा लागतो.

आता मुख्य विषय, म्हणजे ताप उतरल्यानंतरचे आठवडे. बहुतेक रुग्ण दोन ते चार आठवड्यांत सावरतात. पण थकवा त्यानंतरही रेंगाळतो, आणि हा थकवा नेहमीचा नसतो. मूल आठ-दहा तास झोपते आणि उठते ते दमलेलेच. जिना चढले की बसावेसे वाटते. पुस्तकाचे पान तीनदा वाचूनही ध्यानात राहत नाही. वरकरणी ताप नाही, गाठी ओसरल्या आहेत, रक्ताचा अहवाल जवळजवळ नेहमीसारखा आहे. मग घरात शब्द उमटतो तो आळसाचा. ‘परीक्षा जवळ आली म्हणून नाटक करतो आहे’ हे वाक्य अनेक घरांत उच्चारले जाते. उच्चारणाऱ्या पालकांची मुलाविषयीची कळकळ खोटी नसते. पण वर्ष वाया जाईल या धास्तीने मुलाला टेबलाशी बसवावे, त्याने चार दिवस नेटाने अभ्यास करावा आणि पाचव्या दिवशी पुन्हा अंथरूण धरावे, असे चक्र सुरू झाले की बरे होणे लांबतच जाते.

या थकव्याला आळस म्हणणे कितपत योग्य, याचा निवाडा शास्त्राने करून ठेवला आहे. ऑस्ट्रेलियातील डबो या ग्रामीण भागातील २५३ रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला. त्यांना ग्रंथिज्वर, रॉस रिव्हर विषाणूचा ज्वर आणि क्यू ज्वर या तिहींपैकी एक आजार झालेला होता. सहा महिन्यांनंतरही त्यांपैकी २९ जण, म्हणजे शेकडा १२, जीव मेटाकुटीस आणणाऱ्या थकव्याने ग्रस्त होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष विशेष मोलाचा आहे. कोणाचा थकवा लांबेल, हे रुग्णाच्या स्वभावावरून किंवा पूर्वीच्या मनःस्थितीवरून ओळखता आले नाही. मूळ आजार जितका तीव्र, तितका थकवा लांबण्याचा संभव अधिक, एवढेच दिसून आले.

आपल्या वडिलांच्या आणि आजोबांच्या पिढीला हे शिकवावे लागत नव्हते. मुदतीचा ताप आला की एकवीस दिवस आणि त्यापुढचा महिना हा रुग्णाचाच, असा संकेत होता. ताप उतरल्यावर प्रथम पेज, मग मऊ भात, मग ओसरीपर्यंत चालणे, मग देवळापर्यंत. घाई केली तर दुखणे उलटते, हे घरातील मोलकरणीलाही माहीत असे. त्या काळी औषध नव्हते म्हणून तो धीर होता, हे खरे. प्रतिजैविके आली, पाच दिवसांच्या गोळ्यांनी ताप जाऊ लागला आणि गोळ्या संपल्या की माणूस कामावर, ही नवी रीत रूढ झाली. अनेक रोगांत ती योग्यही आहे. ग्रंथिज्वरात ती लागू पडत नाही.

तथापि, जुन्या रीतीतील एक गोष्ट सोडून द्यावयास हवी, ती म्हणजे अंथरुणाची सक्ती. ताप असताना विश्रांती हवीच. पण पुढेही रुग्णाला निजवून ठेवल्याने तो लवकर बरा होतो असे नाही. ज्यांना झेपेल तसे उठू-फिरू दिले, ते सक्तीने झोपविलेल्यांपेक्षा लवकर सावरले, असा अनुभव महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत पूर्वीच नोंदला गेला आहे. दीर्घकाळ पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात आणि त्या दुबळेपणाची भर थकव्यात पडते. यास्तव मध्यम मार्ग असा की, आज जेवढे केल्याने उद्या अधिक दमणूक होत नाही तेवढेच आज करावे, आणि ते मान चार-सहा दिवस टिकले तरच थोडे वाढवावे. सकाळी अर्धा तास वाचन, अंगणात दोन फेऱ्या, दुपारी झोप. ज्या दिवशी बरे वाटते त्याच दिवशी राहिलेला सारा अभ्यास उरकून टाकण्याचा मोह होतो. तोच दिवस सांभाळावयाचा असतो.

टेनिसच्या जगातील तीन उदाहरणे येथे उद्बोधक ठरतील. स्वित्झर्लंडचा रॉजर फेडरर याने मार्च २००८ मध्ये आपल्याला ग्रंथिज्वर झाल्याचे जाहीर केले. त्या वर्षीच्या पूर्वार्धात त्याचा खेळ उतरलेला होता, विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तो हरला, पण सप्टेंबरमध्ये अमेरिकन खुली स्पर्धा त्याने जिंकली. क्रोएशियाचा मारियो आंचिच २००७ मध्ये याच आजाराने पडला. एके काळी जगातील सातव्या क्रमांकावर पोहोचलेल्या या खेळाडूला पुढे लय सापडली नाही. २०११ मध्ये त्याने निवृत्ती पत्करली आणि तो कायद्याच्या क्षेत्राकडे वळला. स्वीडनचा रॉबिन सोडरलिंग याने जुलै २०११ मध्ये आपल्या देशातील बोस्टाड येथील स्पर्धा जिंकली. तो त्याचा शेवटचा व्यावसायिक सामना ठरला. ग्रंथिज्वरानंतर परतण्याचे त्याचे प्रयत्न निष्फळ झाले आणि डिसेंबर २०१५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. अतिश्रम आणि मानसिक ताण यांनीही आपल्याला ग्रासले होते, असे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले. तिघेही जगातील निवडक बळकट शरीरांचे धनी, तिघांनाही उत्तम वैद्यकीय साहाय्य उपलब्ध, आणि तिघांच्या वाटा निराळ्या. अमुक दिवसांत बरे व्हालच, असे आश्वासन कोणी देऊ नये, हे यावरून ध्यानात येईल. मात्र सामान्य विद्यार्थ्याने या उदाहरणांनी खचूनही जाऊ नये, कारण ग्रँड स्लॅमसाठी लागणारी ताकद आणि वर्गात बसण्यासाठी लागणारी ताकद यांत महदंतर आहे. फार मोठ्या बहुसंख्येने रुग्ण पूर्ववत होतात.

अलीकडे आणखी एका बातमीने अनेकांना चिंतेत टाकले आहे. २०२२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकन सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदी पाहून असे दाखविले की, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा विकार होण्याचा धोका एप्स्टाइन-बार विषाणूच्या लागणीनंतर ३२ पटींनी वाढतो. आकडा मोठा वाटतो. परंतु विषाणू जवळजवळ सर्वांच्या अंगी आहे आणि तो विकार फार थोड्यांना होतो, हे विसरू नये. लागणीबरोबर इतरही कारणे जुळावी लागतात. ग्रंथिज्वर होऊन गेलेल्या मुलाच्या आईने ही बातमी वाचून झोप गमावण्याचे कारण नाही. या संशोधनाचा खरा उपयोग लसीच्या प्रयत्नांना बळ मिळण्यात आहे.

राहता राहिला प्रश्न महाविद्यालयांचा आणि वसतिगृहांचा. वैद्यकीय प्रमाणपत्रावर दहा दिवसांची रजा लिहिलेली असते आणि अकराव्या दिवशी विद्यार्थी हजर झाला पाहिजे, अशी अपेक्षा असते. ग्रंथिज्वराच्या बाबतीत प्राचार्यांनी आणि वर्गशिक्षकांनी थोडी लवचीकता दाखवावी. आरंभी केवळ दोन-तीन तासिकांना बसण्याची मुभा द्यावी, प्रात्यक्षिकांसाठी मागाहून वेळ द्यावा, व्यायाम व कवायत यांतून महिनाभर सूट द्यावी. सहाध्यायांपैकी एकाने वहीतील टिपणे पोहोचती केली तर मनावरचा निम्मा भार हलका होतो. एखाद्याला परीक्षा पुढील सत्रात द्यावी लागेल असे दिसत असेल, तर तो निर्णय परीक्षेच्या आदल्या रात्री न घेता डॉक्टर, पालक आणि विद्यार्थी यांनी एकत्र बसून वेळीच घ्यावा. वसतिगृहात अशा रुग्णाची खोली शक्यतो तळमजल्यावर असावी, जेवण खोलीत पोहोचावे आणि रात्री सोबतीला कोणी तरी असावे.

सोबत हवी, ती विशेषतः पुढील लक्षणांवर नजर ठेवण्यासाठी. पोटात डाव्या बाजूस वरच्या भागी एकाएकी जोराची कळ येणे, ती डाव्या खांद्यापर्यंत जाणे, चक्कर येणे, अंग पांढरेफटक व थंडगार पडणे, ही प्लीहा फाटल्याची चिन्हे असू शकतात. श्वास घेताना घुसमटणे, पाण्याचा घोटही न उतरणे, असह्य डोकेदुखी, भ्रम, हात-पाय लुळे पडणे, हीही तितकीच गंभीर होत. अशा वेळी सकाळ होण्याची वा घरून वडील येण्याची वाट पाहू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णास चालवू नये, आणि रुग्णालयात पोहोचताच सर्वप्रथम डॉक्टरांना सांगावे की, याला अलीकडेच ग्रंथिज्वर झालेला आहे.